परळ ते हडपसर : प्रतिपिंडे घडविणाऱ्या एका संस्थेची हकीकत

पालमसारख्या तालुक्याच्या गावी निघणाऱ्या स्मरणिकेत पुण्यानजीकच्या हडपसर येथील औषधी संस्थेचा इतिहास यावा, याचे प्रथमदर्शनी कोणास नवल वाटेल. परंतु जेथे गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर कापूस, सोयाबीन आणि ज्वारी यांच्या भरवशावर वर्षाचे गणित मांडले जाते, जेथे रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देण्यास निघालेल्या शेतकऱ्याच्या वाटेवर मण्यार आडवी येते, आणि बाजाराच्या दिवशी मोकाट कुत्र्यांच्या घोळक्यातून लेकरांना सांभाळून न्यावे लागते, त्या मुलखाचा अशा संस्थेशी असलेला संबंध मोठ्या शहरांच्या संबंधापेक्षा कितीतरी अधिक निकटचा आहे. ज्या संस्थांनी गावात इमारत बांधली त्यांचे स्मरण आपण करतोच. ज्यांची केवळ एक कुपी गावच्या दवाखान्यातील शीतपेटीत येऊन बसते, त्यांचेही स्मरण करावे, एवढ्याच हेतूने हे टिपण लिहिले आहे.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कुत्रा चावलेले मूल आणले म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. बाप मुलाला मांडीवर घेऊन बसतो. परिचारिका जखमेवर साबणाचे पाणी सोडते आणि घड्याळाकडे पाहत पंधरा मिनिटे ती जखम धूत राहते, कारण रेबीजचा विषाणू जितका धुऊन जाईल तितका रोगाचा पाया ढासळतो. नंतर दंडावर लस दिली जाते. मात्र लसीने शरीरात स्वतःची प्रतिपिंडे निर्माण होण्यास साधारणतः सात ते चौदा दिवस लागतात, आणि दात खोलवर रुतला असेल, रक्त आले असेल, तर तेवढा अवधी विषाणूच्या हाती सोडणे धोक्याचे असते. म्हणून डॉक्टर दुसरी एक कुपी मागवतात आणि बारीक सुईने जखमेच्या कडांभोवती, तिच्या तळाशी, मांसाच्या आत, थोडे थोडे करून औषध भरतात. मूल आक्रोश करते, बाप तोंड फिरवून घेतो. त्या दुसऱ्या कुपीत तयार प्रतिपिंडे असतात : शरीराने अजून स्वतः न घडविलेली, दुसऱ्याने घडवून दिलेली. हा दुसरा कोण, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या क्रमाने बदलत गेले, तो क्रम म्हणजेच माझ्या मते हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचा खरा इतिहास होय. इमारती, उलाढाल आणि मानसन्मान हे सारे त्यामागून येते.

या हकीकतीचा आरंभ पुण्यात होत नाही. 1890 साली बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो या दोघांनी असे दाखवून दिले की, धनुर्वाताचे विष अल्प मात्रेत टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा प्रतिकार करणारे द्रव्य उत्पन्न होते आणि तो रक्तद्रव दुसऱ्या प्राण्यास टोचला असता त्यालाही संरक्षण लाभते. 1895 च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत याने हेच तत्त्व सर्पविषाला लावले. बेरिंगला 1901 सालचे वैद्यकाचे पहिलेच नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे हे शास्त्र आले ते संकटाच्या पावलांनी. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला, पाठोपाठ वाल्देमार हाफकिन मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अपुऱ्या जागेत त्याने प्लेगची लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. 1899 साली परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्याची प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटली गेली. 1906 साली तिचे नाव मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले आणि 1925 पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. आपला मुलूख त्या काळी निजामाच्या अंमलाखाली होता आणि परळ इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. 17 सप्टेंबर 1948 रोजी आपल्याकडील तो अंमल संपला, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी परभणी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात दाखल झाला. म्हणजे ज्या संस्थेत सापाच्या आणि धनुर्वाताच्या प्रतिविषांचे काम रुजले, तिच्याच राज्यात आपण जवळजवळ साठ वर्षांनी आलो.

परळच्या पद्धतीचा पाया घोडा हा होता. प्रशस्त शरीराचा, निरोगी, शांत स्वभावाचा घोडा निवडावयाचा. त्यास प्रथम अतिशय सौम्य केलेले विष टोचावयाचे, आठवड्यामागून आठवडे मात्रा वाढवीत न्यावयाची, आणि त्याच्या रक्तात प्रतिपिंडांची पातळी पुरेशी चढली म्हणजे मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा करावयाचा. पुढील काळात लाल पेशी घोड्याला परत चढविण्याची रीत आली, आणि त्यामुळे त्या मुक्या जनावराचे आयुष्यही वाढले व हालही कमी झाले. रक्तद्रवातून अनावश्यक प्रथिने काढून टाकण्यासाठी पेप्सिन या पाचकद्रव्याचा उपयोग करण्यात येतो. त्याने प्रतिपिंडाचा विषाला पकडणारा भाग शिल्लक राहतो आणि उरलेला तुटून जातो. असे असले तरी घोड्याचे प्रथिन ते घोड्याचेच. माणसाच्या शरीराला ते परके वाटते. क्वचित त्याच क्षणी जीवावर बेतणारी प्रतिक्रिया होते, क्वचित आठवडाभराने अंगावर पुरळ, सांधेदुखी आणि ताप घेऊन सिरमचा आजार उभा राहतो. म्हणूनच असे औषध देताना डॉक्टर अॅड्रेनलिनची सुई हाताशी भरून ठेवतात. तरीही मी हे आवर्जून नोंदवतो की, घोडा नसता तर महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या दंशाने मेलेल्यांची गणती करणेही दुरापास्त झाले असते. मराठवाड्याच्याच मातीतून महाडला जाऊन स्थायिक झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, आणि पुढे प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्याने रोगी अधिक लवकर बरा होतो हेही पद्धतशीर चाचणीने दाखविले; तेही प्रतिविष घोड्याच्याच रक्तातले.

हडपसरच्या संस्थेची जन्मकथा या घोड्यांच्या वाटेनेच सुरू होते. पुण्यात पूनावाला घराण्याचा घोड्यांच्या पैदाशीचा कारखाना 1946 पासून चालू होता, आणि शर्यतीस निरुपयोगी ठरलेले घोडे त्यांच्याकडून परळला रक्तद्रवासाठी दिले जात. घोडा आपला, रक्त आपल्या घोड्याचे, मग औषध येथेच का करू नये, हा विचार सायरस पूनावाला यांच्या मनात आला, आणि 1966 साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची स्थापना केली. वर्षभरातच धनुर्वाताचे प्रतिविष तयार होऊ लागले. ज्या काळात देशात अशी औषधे बव्हंशी परदेशांतून आयात होत आणि सरकारी संस्थांचे उत्पादन मागणीला पुरत नसे, त्या काळात खाजगी क्षेत्रात हे धाडस करणे सोपे नव्हते. परवाने, परकीय चलन आणि यंत्रसामग्री यांकरिता कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत. पुढे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची त्रिगुणी लस आली, 1981 साली सर्पदंशावरील प्रतिविष आले. संस्थेच्या तांत्रिक कामाची धुरा दीर्घकाळ वाहणारे कार्यकारी संचालक डॉ. सुरेश जाधव यांचे 2021 साली निधन झाले. महाराष्ट्रातून जगभर लशी पोहोचविण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

माझ्या दृष्टीने मात्र या संस्थेच्या इतिहासातील निर्णायक वळण गोवराच्या लशीने आणले. गोवराचा विषाणू निर्जीव माध्यमात वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागतात. झाग्रेब येथे घडविलेला गोवराच्या विषाणूचा वाण हडपसरला आला, आणि तो माणसाच्या द्विगुणित पेशींवर वाढविण्यात येऊ लागला. घोड्यांच्या पागेशेजारी पेशींची पात्रे मांडली गेली, असे म्हणावयास हरकत नाही. ज्या कामगारांना घोड्याची नाडी आणि खुराक ठाऊक होता, त्यांच्याच संस्थेत आता पेशीचे तापमान, पेशीचे अन्न आणि पेशीची वाढ यांचा हिशेब ठेवणारे तंत्रज्ञ तयार होऊ लागले. पुढे रेबीजची लसही येथे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून घेतलेल्या व्हेरो पेशींवर बनू लागली. एका प्राण्याच्या पेशीत दुसऱ्याचे जैविक द्रव्य वाढविण्याची ही सवय संस्थेच्या हाडीमाशी खिळल्यावाचून पुढचा टप्पा शक्य झाला नसता.

येथे थोडे विषयांतर करून हे सांगणे आवश्यक वाटते की, पेशीसंवर्धनाची ही विद्या महाराष्ट्रात काही एकाएकी उगवली नाही. 1917 साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ, म्हणजेच पुढे सर्वत्र ख्यातनाम झालेल्या डॉ. कमल रणदिवे, हुजूरपागेत शिकल्या. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत 1949 साली पीएच.डी. मिळविल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, त्याच गे यांच्या, ज्यांनी 1951 साली हीला नामक मानवी पेशींची अविरत वाढणारी मालिका जगाला दिली. परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची भारतातील पहिली संशोधन प्रयोगशाळा उभारली, 1973 साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली, आणि 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुण्यातच, 1952 साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत डॉ. के. आर. पी. सिंग यांनी 1967 साली एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशींच्या सतत वाढणाऱ्या मालिका सिद्ध केल्या. डासाच्या पेशी काचेच्या बाटलीत वर्षानुवर्षे वाढत राहाव्यात, ही त्या काळी जगाला नवल वाटावी अशी गोष्ट होती. त्या मालिकांपासून निघालेल्या पेशी आजही डेंग्यूच्या विषाणूंच्या अभ्यासासाठी अनेक देशांत वापरल्या जातात. 1986 साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पुण्यात प्राणिऊती व पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा मंजूर केली, डॉ. उल्हास वाघ यांच्या नेतृत्वाखाली कोथरूडच्या जागेत तिचे काम चालू झाले, पुढे ती राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या नावाने पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थिरावली, आणि देशभरच्या प्रयोगशाळांना शुद्ध पेशींच्या मालिका पुरविणारे भांडार तेथे उभे राहिले. कोणा एका संशोधकाला मिसळ झालेल्या पेशी मिळाल्या तर त्याची वर्षे फुकट जातात. म्हणून या भांडाराच्या कामाचे महत्त्व मी इमारती बांधण्याइतकेच मोठे मानतो. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे 196 अंश तापमानात गोठवून ठेवलेल्या एका लहान नळीतील पेशी झटकन वितळवून, गुलाबी रंगाच्या पोषक द्रवात सोडून, 37 अंश उष्णतेत ठेवल्या म्हणजे त्या दुसऱ्या दिवशी पात्राच्या तळाला चिकटून पसरलेल्या दिसतात; द्रव गुलाबीचा पिवळसर झाला म्हणजे अन्न बदलण्याची वेळ झाली, असे त्या खोलीतील तंत्रज्ञ पात्राकडे नुसते पाहून सांगतात.

आता मूळ विषयाकडे वळतो. प्रतिपिंडाचा रेणू दोन जड आणि दोन हलक्या प्रथिनसाखळ्यांचा बनलेला असतो, हे रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांनी उलगडले आणि 1972 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या चार साखळ्यांपैकी प्रत्येकीचे एक टोक सतत बदलते आणि दुसरे बहुधा तसेच राहते. बदलत्या टोकाने शत्रू ओळखला जातो. असा एकेक वेगळा नमुना घडवू शकणाऱ्या असंख्य पेशी शरीरात असतात, आणि या पेशींमध्ये जनुकांचे तुकडे नव्याने जोडले जातात, हे सुसुमु तोनेगावा यांनी 1976 साली दाखविले. 1975 साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन या दोघांनी उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड देणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्करोगी पेशी यांचा संयोग घडवून हायब्रिडोमा नावाची संकरित पेशी निर्माण केली, जी एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड देत राहते. घोड्याच्या रक्तद्रवात शेकडो प्रकारच्या प्रतिपिंडांची मिसळ असते. येथे एकच, निवडलेले, ओळखीचे. तथापि ते प्रतिपिंड उंदराचे होते, आणि उंदराचे प्रथिन माणसाला घोड्याच्या प्रथिनाइतकेच परके.

यावरचा उपाय जनुकांच्या पातळीवर सापडला. 1984 साली उंदराच्या प्रतिपिंडाच्या बदलत्या टोकास मानवी उर्वरित भाग जोडण्यात यश आले, 1986 साली ग्रेगरी विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ ओळख पटविणारे वळसे तेवढे उंदराचे ठेवून बाकी सारे मानवी केले, आणि 1994 च्या सुमारास मानवी प्रतिपिंडांची जनुके धारण करणारे उंदीर जन्मास घालण्यात आले, ज्यांना एखादी लस टोचली असता त्यांच्या पेशी थेट मानवी प्रतिपिंड देऊ लागल्या. उरला प्रश्न उत्पादनाचा. प्रतिपिंडाची जड आणि हलकी अशा दोन्ही साखळ्यांची जनुके एका वर्तुळाकार डीएनएत बसवून ज्या पेशीत सोडावयाची, ती पेशी कोणती असावी? जीवाणू स्वस्त असले तरी प्रतिपिंडाच्या जड साखळीवर जी शर्करेची गुंफण असते ती त्यांना करता येत नाही, आणि त्या गुंफणीवाचून शरीराच्या संरक्षक पेशी प्रतिपिंडाची हाक ऐकत नाहीत. म्हणून निवड झाली चिनी हॅमस्टर या प्राण्याच्या अंडाशयातील पेशींची. हा चिमुकला प्राणी उत्तर चीनच्या शेतांतला. 1948 साली तो चीनमधून अमेरिकेत गेला, आणि 1957 साली डेन्व्हर येथे थिओडोर पक यांनी एका मादीच्या अंडाशयापासून पेशींची अशी मालिका काढली की ती आजतागायत वाढते आहे. 1987 साली याच पेशींत तयार झालेल्या रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या मानवी प्रथिनास अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून जगातील बहुतेक औषधी प्रतिपिंडे याच पेशींत घडू लागली.

एका संस्थानाची सनद दुसऱ्या संस्थानाच्या दप्तरात नेऊन दाखल करावी आणि तेथील कारकुनांनी तिच्यातील मजकूर अक्षरही न बदलता अंमलात आणावा, तसे येथे होते : मानवी जनुकाचा मजकूर हॅमस्टरच्या पेशीने वाचावा आणि मानवी प्रतिपिंड घडवून बाहेरच्या द्रवात सोडावे. पेशी आज्ञा पाळतील अशी व्यवस्थाही फार कुशल आहे. नेमके जिवंत राहण्यास लागणारे एक जनुक या पेशींत अगोदरच नसते. ते प्रतिपिंडाच्या जनुकाशी जोडून दिले जाते आणि पोषक द्रवात त्या पेशीला मारक असे औषध मिसळले जाते. ज्या पेशींनी दोन्ही जनुके स्वीकारली त्याच तगतात. औषधाची मात्रा वाढवीत गेले म्हणजे ज्यांत जनुकाच्या प्रती अधिक झाल्या त्याच मागे उरतात. त्यांतून एकेक पेशी वेगळी करून तिची संतती वाढवायची, सर्वाधिक आणि सर्वांत स्थिर उत्पादन देणारी निवडायची, तिचे भांडार गोठवून ठेवायचे. आणि मग त्यातील एक नळी उघडून, लहान पात्रातून मोठ्यात, मोठ्यातून पोलादी टाकीत नेत नेत, प्राणवायू, आम्लता आणि तापमान क्षणोक्षणी तपासत, काही दिवसांनी पेशी वेगळ्या करून द्रवातील प्रतिपिंड शुद्ध करायचे. शुद्धीकरणासाठी प्रतिपिंडाच्या देठालाच चिकटणारे प्रथिन ए वापरतात. त्यानंतर आम्लाने आणि बारीक गाळणीने विषाणूंची शंका दूर करतात. घोड्याच्या मानेतून काढलेल्या रक्तद्रवाची प्रत प्रत्येक घोड्याच्या प्रकृतीवर अवलंबून असे. येथे एकदा गोठविलेली पेशी दहा वर्षांनीही तेच औषध देते.

हडपसरला ही विद्या रेबीजच्या कुपीच्या रूपाने आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेत मानवी जनुके धारण केलेल्या उंदरांना रेबीजची लस टोचून त्यांच्या हायब्रिडोमांतून जे प्रतिपिंड निवडले गेले, त्यास 17सी7 अशी खूण होती. विषाणूच्या पृष्ठभागावरील जी प्रथिनाची घुमटी पेशीत शिरण्याची वाट उघडते, तिच्याशी ते बांधले जाते आणि विषाणूची वाट बंद करते. 2007 साली प्रकाशित झालेल्या निबंधात त्याने निरनिराळ्या प्रदेशांतील रेबीज विषाणूंना निष्प्रभ केल्याचे दिसून आले. त्या प्रतिपिंडाची जनुके हॅमस्टरच्या पेशीत घालून मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची जबाबदारी सीरम इन्स्टिट्यूटने घेतली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. नित्या गोगटे यांच्या नेतृत्वाखाली मनुष्यांवरील पहिल्या चाचण्या झाल्या. पुढे निरनिराळ्या ठिकाणच्या 200 दंशित रुग्णांवर लस आणि हे प्रतिपिंड देऊन जी चाचणी झाली, तीत मानवी रक्तापासून बनविलेल्या जुन्या प्रतिपिंडाच्या तुलनेत हे कमी पडले नाही, आणि तिचा निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाला. 2017 साली रेबीशील्ड या नावाने ही कुपी बाजारात आली.

मात्रांचा हिशेब पाहिला म्हणजे या बदलाचा अर्थ सर्वसामान्य माणसालाही कळू शकतो. साठ किलो वजनाच्या प्रौढाला घोड्याच्या रक्तद्रवाचे प्रतिपिंड किलोमागे 40 या दराने 2,400 आंतरराष्ट्रीय एकक लागते. मानवी रक्ताचे, किलोमागे 20 या दराने, 1,200 एकक. आणि हॅमस्टरच्या पेशीतले हे नवे, किलोमागे 3.33 या दराने, केवळ सुमारे 200 एकक, म्हणजे पाच घनसेंटिमीटर. मानवी रक्तद्रव म्हणजे दात्यांच्या रक्तावर अवलंबून राहणे, आणि त्याची किंमत आपल्या तालुक्यातील सालगड्याला परवडणारी नव्हे. घोड्याचा रक्तद्रव स्वस्त, पण प्रतिक्रियेचे भय. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे या रोगाने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत लहान मुले आणि खेड्यांतील गरीब यांचे प्रमाण मोठे आहे. अशा परिस्थितीत प्रतिपिंडाचा उगम रक्तातून पेशीत गेला, ही घटना मला प्रयोगशाळेतील चातुर्यापेक्षा न्यायाची वाटते. याच कारणाने 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत रेबीजच्या एकस्रोत, म्हणजे एकाच पेशीच्या संततीतून घडणाऱ्या, प्रतिपिंडांना स्थान दिले, आणि त्याच्या दोन वर्षे आधी, 2019 साली, भारतात दोन प्रतिपिंडांचे मिश्रण असलेल्या दुसऱ्या एका औषधालाही मान्यता मिळाली.

येथे एक मतभेद नोंदविणे मला कर्तव्य वाटते. एकाच प्रतिपिंडावर सारा भरवसा ठेवू नये, दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधली जाणारी प्रतिपिंडे एकत्र द्यावीत, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत. त्यांचा मुद्दा असा की विषाणूच्या घुमटीत एखादा बदल झाला तर एकट्या प्रतिपिंडाची पकड सुटू शकते. घोड्याच्या रक्तद्रवातील मिसळीला हा धोका नव्हता. माझ्या अल्पमतीप्रमाणे हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर चाचण्यांतूनच मिळाले पाहिजे, जाहिरातीतून नव्हे. तथापि जेथे आज दोन्हींपैकी काहीच नसते तेथे दुसरे प्रतिपिंड येण्याची वाट पाहत बसणे हेही बरोबर नाही. आणि दवाखान्यापर्यंत औषध पोहोचणे हा भाग कोणत्याही प्रतिपिंडाइतकाच महत्त्वाचा : ते 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, लसीच्या पहिल्या मात्रेनंतर सात दिवसांच्या आतच द्यावे लागते, आणि जखमेत भरण्याचे कौशल्य डॉक्टरच्या हाताला असावे लागते.

सापाची बाब मात्र अजून जुन्याच वाटेवर आहे. नाग आणि मण्यार यांची विषे मज्जातंतूंवर, घोणस आणि फुरसे यांची रक्तावर परिणाम करतात, आणि एका विषात कित्येक घटक असतात; म्हणून एक प्रतिपिंड पुरत नाही, आणि घोड्याचे रक्त आजही प्रत्येक कुपीत आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनागर आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेचे संशोधक यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये एका मानवी प्रतिपिंडाची माहिती प्रसिद्ध केली, जे मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या नागकुळातील एका विषप्रथिनाला, त्याच्या अनेक रूपांत, निष्प्रभ करते. ते प्रतिपिंड उंदरांना वाचविते. माणसापर्यंत येण्यास त्याला अजून अवकाश आहे, आणि घोणस-फुरशांच्या विषांसाठी वेगळी प्रतिपिंडे लागतील. सीरम इन्स्टिट्यूटने आणि परळच्या वारसदार संस्थांनी हे काम हाती घ्यावे, अशी पालमच्या शेतकऱ्याची मागणी आहे. कारण रात्री पाण्याच्या पाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाला जो दंश होतो, त्याचा उपाय त्याच्या गावच्या शीतपेटीत चोवीस तास असणे हे त्याच्या दृष्टीने कोणत्याही सन्मानचिन्हापेक्षा मोलाचे आहे.